ट्यूब हेड आणि ४×१० कॅब, तिसरा मजला, लिफ्ट नाही: घेऊ का?

खर्जातला_खंड्या (कोपरखैरणे), शुक्रवार रात्री ९.५०
मंडळी, सल्ला हवाय आणि लवकर हवाय.

ऐरोलीतले एक गृहस्थ अमेरिकेतून कायमचे परत आलेत. घरसामानाबरोबर त्यांचा शंभर वॉटचा ट्यूब बास हेड (म्हणजे नुसता अ‍ॅम्प, स्पीकरशिवाय) आणि ४×१० कॅब (दहा इंची चार स्पीकरची पेटी) आली आहे. दोन्ही मिळून पंचेचाळीस हजार सांगतायत. हेडमध्ये मागे चार मोठ्या ६एल६ ट्यूब, पुढे लहान १२एएक्स७. हेड २२ किलो. कॅब ४४. त्यांच्याच वजनकाट्यावर कॅबला मिठी मारून उभा राहिलो आणि नंतर माझं वजन वजा केलं. माझं किती ते विचारू नका.

काल वाजवून आलो. नुसती ई तार सोडली तर पँट पोटरीवर फडफडली. घरी येऊन माझा पंधरा वॉटचा काँबो (अ‍ॅम्प-स्पीकर एकाच डब्यात) लावला, तर शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ लावलाय असं वाटलं.

आता रड ऐका. तिसरा मजला आणि जिना असा की आमचं ड्रेसिंग टेबलसुद्धा गॅलरीतून दोर लावून चढवलं होतं. महिन्याला जेमतेम दोन कार्यक्रम होतात, बाकी रियाज १० बाय १२ च्या खोलीत. त्या खोलीत आणखी एक घोळ आहे. मोकळी ए वाजवली की लोखंडी कपाटाचं हँडल खणखणतं. दुसऱ्या कुठल्याच सुराला नाही. काँबोचा स्पीकर फाटलाय का?

पामबीच_पाखरू, ९.५८
पंचेचाळीस हजारात कॅब? सीएनजी आहे का? किती किलोमीटर चाललीये?

खर्जातला_खंड्या, १०.०१
पाखरू, धागा वाचलास का?

पामबीच_पाखरू, १०.०२
शीर्षक वाचलं. ४×१० म्हणजे फोर बाय फोरची मोठी बहीण असेल असं वाटलं. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घोडबंदरी, १०.१५
घेऊ नकोस. एका वाक्यात उत्तर दिलं, आता कारण देतो.

मी सहा वर्षं ट्यूब हेड वागवला. छत्तीस किलोचा होता तो, दोन हँडलं, दोन माणसं. कासारवडवलीहून वाशीला कार्यक्रमाला जायचं म्हणजे छोटा हत्ती ठरवायचा, त्यात हेड गादीत गुंडाळायचा, आणि गायमुखच्या बाजूने ट्रक उलटल्याची बातमी आली की देवाचं नाव घ्यायचं. एकदा पोहोचेपर्यंत पहिला भाग संपला होता. निवेदक म्हणाला, 'आता आपल्यात सामील होतायत आपले बास गिटारिस्ट,' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात बासवाल्याला एंट्रीला टाळ्या तेवढ्याच.

आता क्लास डी हेड वापरतो, बिनट्यूबचा, ट्रान्झिस्टरवाला. पाचशे वॉट, दोन किलोच्या आसपास, पाठपिशवीत लॅपटॉपच्या जागी बसतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडतो, कॅब तिथल्या साउंडवाल्याची. प्रेक्षकातल्या एकालाही फरक कळलेला नाही.

चार_तारा (नौपाडा), १०.२४
प्रेक्षकाला कळत नाही म्हणून तानपुऱ्याऐवजी मोबाईलवरचं अ‍ॅप लावायचं का?

घोडबंदरी, १०.२६
लावतात की. तुमच्या नौपाड्यातल्या बैठकीत मीच पाहिलंय.

चार_तारा, १०.३१
ते जाऊ दे. ट्यूबचे शंभर म्हणजे ट्रान्झिस्टरचे तीनशे, हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खंड्या, डोळे मिटून घे.

सोल्डरबाबा (वागळे इस्टेट), ११.०५
डोळे उघडे ठेवून घे. आत चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसी असतं. स्विच बंद केला, वायर काढली तरी कपॅसिटरमध्ये ते बसून राहतं. मागची पट्टी उघडून 'जरा बघू' म्हणणारे दोघे मला माहीत आहेत, दोघेही आता फक्त बाहेरून बघतात.

चार_तारा, वॉट तो वॉटच. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे ढकलला की लाट वरून कापल्यासारखी होते आणि ते कानाला बोचतं, म्हणून आपण हात आवरतो. ट्यूब तीच लाट गोलसर दाबते, वरची हार्मोनिक्स हळूहळू भरते, म्हणून आपण आणखी ढकलतो आणि तरी गोड लागतं. तीनशेचा भास तिथून येतो. आणि तीनशेचे सहाशे केले तरी वाढतात तीनच डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात.

खंड्या, तीन प्रश्न. अमेरिकेचा आहे म्हणजे १२० व्होल्टचा, आपला व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर देतायत का? हेडच्या मागे ओहमचा सिलेक्टर (कॅबच्या ओहमशी जुळवायचा खटका) कशावर आहे? कॅबच्या पट्टीवर किती लिहिलंय? फोटो काढून आण.

खर्जातला_खंड्या, ११.२०
बाबा, फोटो काल काढलाच होता. स्टेपडाउन आहे, हजार व्हीएचा, लोणच्याच्या बरणीएवढा. सिलेक्टर ४ वर. कॅबवर ८ ओहम.

सोल्डरबाबा, ११.२८
मग सिलेक्टर ८ वर हवा. एका पायरीच्या फरकाने लगेच जळत नाही, पण तो गृहस्थ किती वर्षं असा वाजवत होता कोण जाणे. हीच कॅब आणखी एक जोडलीस तर दोन आठ मिळून चार होतील, तेव्हा ४ बरोबर.

आणि पाठ कर: कॅब जोडल्याशिवाय ट्यूब हेड वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरला चालतं, ट्यूबला नाही. ऊर्जेला जायला वाट नसली की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जीव देतो.

चार_तारा, ११.४०
हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय. एका हॉलमध्ये मदतीला दिलेल्या पोराने हेड आणि कॅबच्या मध्ये गिटारचीच केबल लावली. दिसायला सारखीच असते ना, टोकाला तीच पिन. आत तार मात्र केसाएवढी. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला आवाज बसला, तिसऱ्याला गेला, आणि मी शहाण्यासारखा व्हॉल्यूम वाढवत राहिलो. मग तो वास आला. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायला दोन महिने गेले. तरी ट्यूबच वापरतो.

घोडबंदरी, ११.४२
यालाच व्यसन म्हणतात.

एक_होता_ड्रमर (नेरूळ), शनिवार सकाळी ८.१०
तुम्ही बासवाले वजनाबद्दल रडताय? मी हार्डवेअरची बॅग उचलतो, त्यात नुसतं लोखंड असतं.

बाय द वे, ट्यूबच्या आवाजाचा माझा सगळ्यात भारी अनुभव संगीताचा नाही, क्रिकेटचा आहे. २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाची फायनल, आमच्या जॅमपॅडपासून (सरावाची खोली) डी. वाय. पाटील स्टेडियम चालत जाण्यासारखं. तिकीट कोणालाच मिळालं नव्हतं. सराव चार ते सात ठरलेला. पावसाने मॅच पाचला सुरू झाली आणि आमचा सराव पाचला बंद झाला. पॅडच्या मालकाने फोन थेट बास अ‍ॅम्पला जोडला, समोर ८×१० ची कॅब. त्या कॅबमधून कॉमेंट्री ऐकलीये का कोणी? वरचे सूर नाहीतच, सगळे समालोचक देवळाच्या गाभाऱ्यातून बोलल्यासारखे.

शफालीचे ८७ झाले, आपले २९८. नंतर दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड उभी राहिली आणि पॅडमध्ये कोणी बोलेना. तिचं शतक झालं. मग अमनज्योतचा तो झेल, हातातून एकदा निसटला, दोनदा निसटला, आणि बाहेरून खऱ्या स्टेडियमचा आवाज आधी आला, कॅबमधून काही सेकंदांनी! आम्ही आधीच नाचत होतो आणि समालोचक अजून श्वास रोखून होता. मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तोही असाच दोनदा साजरा झाला. ५२ धावांनी जिंकलो. दीप्तीच्या पाच विकेट, पाचही दोन-दोनदा.

नेरूळची_मावशी, ८.३०
मी आत होते. स्टँडमध्ये. जळा.

एक_होता_ड्रमर, ८.३१
🙏 मावशी, दंडवत.

पामबीच_पाखरू, ८.४४
जेमिमा गिटार वाजवते म्हणतात. सेमीफायनलला नाबाद १२७ करणारी माणसं गिटारच वाजवणार. बास वाजवणारी २० चेंडूंत ११ करून दुसऱ्याला सेट करून देतात.

घोडबंदरी, ८.५०
बासवाला म्हणजे विकेटकीपर. चुकला तरच दिसतो.

चार_तारा, ८.५३
हे वाक्य मी प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकलंय. नवीन काढा.

बेंजो_आजोबा (कळवा), ९.२५
नवीन नाही, जुनं सांगतो. मी तरुणपणी कबड्डी खेळलो आणि बेंजो पार्टीतही वाजवलं. बासवाला म्हणजे कोपरारक्षक. चढाई करणारा मध्ये नाचत असतो, लोक त्याच्याकडे बघतात. कोपऱ्यातला वाकून त्याच्या पायाकडे बघतो. तीस सेकंदांत त्याला एकदाच संधी मिळते, घोटा सापडला तर सापडला. आणि एकट्याने पकड टिकत नाही, शेजारच्याशी साखळी लागते. तो शेजारचा म्हणजे तुमचा ढोलवाला, ड्रमर काय ते. दोघांचे हात सुटले की चढाईवाला, म्हणजे गायक, रेषा ओलांडून पळाला.

आता व्हॉल्व्हचं, म्हणजे तुमच्या ट्यूबचं. आमच्या वेळी मंडपवाल्यांकडे सगळे व्हॉल्व्हचेच अ‍ॅम्प्लिफायर. खटका दाबला की अर्धा मिनिट काही नाही. मग भोंग्यातून घूं असा आवाज आला की कार्यकर्ते हात जोडायचे, आता आरती होणार. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडला मिळायचे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह गेला तर लोकलने जाऊन आणायचा, येताना रुमालात गुंडाळून छातीशी. गर्दीत लोकांना वाटायचं अंडी आहेत, जागा द्यायचे.

एक_होता_ड्रमर, ९.३०
'हात सुटले की गायक पळाला' हहपुवा. आमच्या गायकाला पाठवतोय.

सोल्डरबाबा, ९.४८
आजोबा, तो घूं कोणत्या सुरात असतो माहितेय? आपली वीज ५० हर्ट्झची. सरळ मेन्सचा हम आला तर ५०, म्हणजे जी सुराच्या (४९) किंचित वर. फिल्टरचे कपॅसिटर म्हातारे झाले तर १००, तोच जी एक सप्तक वर. म्हणजे आपल्याकडचा आजारी अ‍ॅम्प जीमध्ये रडतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तो बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी. खंड्या, हा अमेरिकेत बेसूर होता, इथे येऊन जवळपास सुरात आलाय असं समज.

विनोद सोडला तर एवढं कर: बास न जोडता हेड चालू ठेव, कान लाव. हम जाड ५० चा असेल तर अर्थिंग तपास, १०० चा असेल तर कपॅसिटर बदलायचा खर्च किमतीतून वजा कर.

मीच_तो_शेजारी, १०.०५
मी वाद्य वाजवत नाही. धागा वाचून एकच विचारतो. तिसऱ्या मजल्यावर हे वाजणार, तर दुसऱ्या मजल्याचं मत कोणी घेतलंय का? रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ अशी मर्यादा आहे. आमच्या वर एक मुलगा वाजवतो. गाणं ऐकू येत नाही, फक्त पलंग ऐकू येतो.

घोडबंदरी, १०.०८
'फक्त पलंग ऐकू येतो.' संपादक, हा प्रतिसाद वर चिकटवा.

हार्मोनिक_बाई (सीवूड्स), ११.३०
काकांचा अनुभव अगदी बरोबर आहे. वरचे सूर भिंतीत, पडद्यात, गादीत जिरतात, खालचे स्लॅबमधून उतरतात. पण खंड्याच्या कपाटाचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही, म्हणून लिहितेय.

खोली १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. दोन भिंतींमध्ये अर्धी लाट नेमकी बसते तो सूर खोली स्वतःच फुगवते. ३४५ भागिले ६.१, उत्तर ५६ हर्ट्झच्या आसपास. मोकळी ए किती? ५५. स्पीकर फाटलेला नाही रे, खोली ए मध्ये ट्यून झालीये! कपाट भिंतीला चिकटलेलं असणार आणि भिंतीपाशीच हा दाब सगळ्यात जास्त. दुसरी बाजू १२ फूट, तिचं उत्तर ४७, म्हणजे एफ शार्पच्या जवळ. ई तारेवर दुसऱ्या पट्टीवर बोट ठेव, तोही फुगलेला सापडेल.

पडताळायचं असेल तर बायकोला किंवा मुलाला ए वाजवायला सांग आणि १० फुटांच्या बरोब्बर मध्यावर, कान पाच फुटांवर येईल असा उभा राहा. ए पातळ होईल. भिंतीकडे सरक, परत येईल.

आता मूळ प्रश्न. ई ४१ हर्ट्झ. दहा इंची स्पीकरची बंद कॅब ४१ फारसं देतच नाही, आपण मुख्यतः ८२ आणि त्यावरचं ऐकतो, मेंदू खालचं भरून घेतो. ऐरोलीला पँट फडफडली ती चार स्पीकर मिळून जेवढी हवा ढकलतात त्यामुळे. त्यात हेडचा वाटा किती आणि कॅबचा किती, ते वेगळं करून बघितल्याशिवाय पंचेचाळीस हजार देऊ नकोस. घोडबंदरींचा दोन किलोवाला हेड घेऊन जा, त्याच कॅबला लाव.

घोडबंदरी, ११.३६
माझा? मी कधी म्हणालो?

हार्मोनिक_बाई, ११.३७
दोन किलोच तर आहे.

चार_तारा, दुपारी १२.१५
कॅबसाठी अनुमोदन. पण एक खंत नोंदवतो. फेंडरने १९५२ ला बासमन अ‍ॅम्प काढला तो बासवाल्यांसाठी. ४×१० चा झाल्यावर गिटारवाल्यांनी पळवला. १९६२ ला लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात त्याच सर्किटवरून पहिला मार्शल बनला आणि तोही गिटारवाल्यांनीच नेला. मार्शल स्वतः ड्रमर! १९६९ ला अँपेगने तीनशे वॉटचा एसव्हीटी काढला तेव्हा कुठे आपल्याला काहीतरी मिळालं, आणि ते एवढं जड केलं की गिटारवाला उचलूच शकला नाही. मला तर वाटतं मुद्दामच.

एक_होता_ड्रमर, १२.२०
'मार्शल स्वतः ड्रमर.' ठळक अक्षरांत लिहा.

पामबीच_पाखरू, १२.२२
पावसाळ्यात काय होतं ट्यूबचं? वाशीच्या खाडीवर आमच्या स्टीलच्या कड्यासुद्धा गंजतात.

सोल्डरबाबा, १२.४०
ट्यूब तापते, तिला काही होत नाही. तिची बैठक गंजते, पॉट (फिरवायची बटणं) खरखरतात, कॅबच्या कापडावर पांढरी बुरशी येते. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवायचा. कव्हर घालून विसरायचं नाही, कव्हरच्या आतच जास्त घाम धरतो. तापलेला लगेच उचलायचाही नाही. विसाव्याला दहा मिनिटं द्या, तेवढ्यात चहा होतो.

खर्जातला_खंड्या, सोमवार रात्री १०.१०
मंडळी, अहवाल.

आधी कपाट. मुलीला ए वाजवायला लावली, पाच फुटांवर उभा राहिलो. गायब! अक्षरशः कोणीतरी तार ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी. दोन पावलं मागे, भिंतीला पाठ, की परत पोटात. आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग दाखवतोय. पेपर टाकणाऱ्या मुलालाही दाखवला. एफ शार्पही सापडला. हँडलमध्ये रबराची चकती बसवली, खणखण बंद. हार्मोनिक_बाई, तुम्हाला साष्टांग.

मग काल ऐरोली. घोडबंदरी स्वतः हेड घेऊन आले, हे इथे नोंदवतो. सिलेक्टर ८ वर केला. नुसता चालू ठेवून ऐकला, १०० चा हम नाही, हलकासा ५० होता तो दुसऱ्या प्लगला लावल्यावर गेला. मग मी पाठ करून बसलो आणि ते गृहस्थ केबल बदलत राहिले. हळू आवाजात दहापैकी सहा वेळा ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आवाज वाढवला तसा फरक पडला. ट्यूबवर जोरात तार ओढली की सूर आधी दबतो आणि मग गुरगुरत फुलतो. दुसऱ्यावर नुसता मोठा होतो. दहापैकी नऊ. पण तेवढ्या आवाजाला त्यांच्या खालचे काका वर आले. चांगले होते, म्हणाले दहा मिनिटांत संपवा.

थोडक्यात, ज्या आवाजाला फरक कळतो तो आवाज माझ्या घरात कधीच होणार नाही. पँट फडफडली ती दोन्ही वेळा, म्हणजे ती कॅबची करामत. कॅब घेतली, अठरा हजारांत. तिसऱ्या मजल्यावर नेणार नाही, ड्रमरच्या जॅमपॅडवर ठेवतोय.

मीच_तो_शेजारी, १०.१४
जॅमपॅड तळमजल्यावर आहे ना?

एक_होता_ड्रमर, १०.१५
तळमजला, काका. खाली फक्त पाण्याची टाकी.

चार_तारा, १०.२०
आणि हेड? तो अनाथ सोडून आलास?

खर्जातला_खंड्या, १०.२४
हेड गेला. कोणी घेतला ते त्यांनाच विचारा.

घोडबंदरी, १०.४१
…

चार_तारा, १०.४२
नाही.

घोडबंदरी, १०.४९
तुम्ही तो सूर फुलताना ऐकला नाहीत. बावीसच किलो आहे. पूर्वीच्यापेक्षा चौदा किलो कमी.

बेंजो_आजोबा, १०.५५
उघडायच्या आधी मला किंवा सोल्डरबाबाला बोलवा. आणि येताना गर्दीत असाल तर सांगा अंडी आहेत.

खर्जातला_खंड्या, ११.०२
रविवारी सकाळी कॅब हलवायचीये. ऐरोली, दुसरा मजला, लिफ्ट बंद. ४४ किलो. छोटा हत्ती साडेआठला येतोय. कोण कोण येतंय?

एक_होता_ड्रमर, ११.०५
सहा ते आठ टर्फवर मॅच आहे, ऐरोलीतच. तिथून सगळी टीम घेऊन येतो. अकरा जण उचलतील, बारावा पाणी आणेल. पोहे तुझ्याकडे.